तैस्तोचं मशीन

पिह्का म्हणजे पाइनच्या खोडातून पाझरणारा डिंक.
नाण्याला हे नाव तैस्तोनंच सुचवलं.
केमीच्या कागद-गिरणीतला वायरमन, शब्दांचा कंजूष.
"चिकटून राहील ते आपलं," एवढंच म्हणाला,
नऊ टक्के नाणी तारण ठेवली,
कपाटामागच्या मशीनला कामाला लावलं
आणि बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेला.

आम्ही अकरा जण.
रविवारी संध्याकाळी सातला बोलतो,
नाहुएलकडे वाल्दिव्हियात तेव्हा जेवणं चाललेली असतात,
पाठीमागे चमचे वाजतात.
जुनी लायब्ररी कुजलेली, कुणाचं घड्याळ दोन मिनिटं पुढे,
कुणाची साखळी एकाच ब्लॉकवर तीन दिवस अडून बसलेली.
पगार नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या,
आणि लष्कर तरी कुठलं, हे अकरा जण.
भाव विचारू नका.
गेल्या महिन्यात एका पिह्कात अर्धी काडेपेटी येत होती.

फेब्रुवारीत तैस्तो गेला.
मशीन चालूच राहिलं.

दर रात्री, कधी दोनला, कधी पहाटे,
त्याच्या नावावर एक ब्लॉक उमटायचा,
सही स्वच्छ, हिशेब चोख.
मी ओउलूत पडद्यासमोर बसून बघायची
आणि चहा गार व्हायचा.

मग भोक सापडलं. कोडमधलं.
बुजवायचं तर नवी आवृत्ती, सगळ्यांनी घ्यायची,
पंचाहत्तर टक्के तारणानं होकार द्यायचा.
जो जुन्यावर राहील त्याचं म्हणणं: नको.
म्हणजे तैस्तो दर रात्री आम्हाला सांगत होता,
नको.
नको.

नाहुएल म्हणाला, मेलेल्याची ठेव मोजणीतून वगळा.
वेइयो भडकला: आज मेलेला वगळाल,
उद्या झोपलेला, परवा तुम्हाला न पटलेला!
तीन रविवार हेच.
तिसऱ्या रविवारी नाहुएलची मुलगी रडली म्हणून तो उठून गेला
आणि मुद्दा तिथेच राहिला.

शेवटी मीच आउनेला फोन केला.
परवलीचा शब्द? तिला ठाऊक नव्हता.
"त्याच्यावर मी हातमोजे वाळवते," ती म्हणाली.
"वर ऊब असते. एका रात्रीत लोकर कोरडी."
थोड्या वेळानं: "तुमच्या कामात अडचण होते का त्याची?"
मी म्हटलं, नाही.
होत होती.

शहात्तर टक्क्यांवर गाडं निघालं, तैस्तोला सोडून.
ठरल्या आकड्यावर आमची साखळी एकीकडे वळली,
त्याची सरळ गेली.
तिथे आता प्रत्येक ब्लॉक त्याचाच.
वाद नाही, रविवार नाही,
भोक तसंच उघडं, पण आत शिरायला कुणी नाही.

एक गोष्ट मी बाकीच्यांना सांगितली नाही.
जुना लॅपटॉप मी जुन्या आवृत्तीवर ठेवलाय.
निरीक्षणासाठी, असं वहीत लिहिलंय.
त्याच्या पडद्यावर कोपऱ्यात एक ओळ आहे:
शेजारी, १.

नोव्हेंबरात वादळ झालं, केमीत दोन तास वीज नव्हती.
मशीन पुन्हा उठलं आणि शब्द मागू लागलं.
आउनेनं स्वतःचं नाव घातलं, मग होडीचं,
मग लग्नाची तारीख, मग ज्या कुत्र्यावर त्याचा जीव होता त्याचं.
"इतके प्रश्न त्यानं मला जन्मात विचारले नाहीत,"
ती फोनवर म्हणाली. हसली असावी.

मी म्हटलं, आता बंद केलंत तरी चालेल.
आता ते सही करणार नाही. काहीच करणार नाही.

"हातमोज्यांचं काय?"

शेजारी, १.
ब्लॉक नाही. होकार नाही, नकारही नाही.
मी लॅपटॉपचं झाकण अर्धवट लावते,
पंखा ऐकू येण्याइतकं.